वीर घोड्यावर की पायी

आमच्या देव्हाऱ्यात चार टाक होते आणि पाचव्याच्या जागी सुपारी होती. खंडोबा, भवानी, जोतिबा आणि म्हसोबा हे चार चांदीचे. सुपारी वीराची.

वीर म्हणजे घराण्यात मागे कधीतरी हत्यार हातात असताना पडलेला पुरुष. गावाकडे वेशीपाशी त्याचा दगड उभा करतात आणि घरी चार बोटे रुंदीच्या चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती उठवून ती देवांच्या ओळीत मांडतात. त्या पत्र्यालाच टाक म्हणतात. घरात लग्नकार्य निघाले की आधी वीराचा मान, मग बाकीच्यांचा. नवी सून उंबरा ओलांडून आत आली की प्रथम त्याच्या पाया पडते. आमच्या कुटुंबाने, म्हणजे माझ्या बायकोने, लग्नात सुपारीला नमस्कार केला होता आणि त्याबद्दल मला अजून अधूनमधून ऐकावे लागते.

खरा टाक गेला तेव्हा मी लहान होतो. पुण्यावर फौज चालून येते आहे अशी बातमी आली आणि ज्याला जिथे जमेल तिथे लोक निघाले. आम्ही सिंहगडाच्या वाटेला लागलो. खडकवासल्याजवळ मुठा ओलांडताना उताराला एक बैल चिखलात बसला, गाडी कलली आणि देवांची पेटी पाण्यात गेली. आईने एका हाताने गाडीचा दांडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने मला. तिसरा हात तिला नव्हता. शहर शांत झाल्यावर आम्ही नारायण पेठेत परत आलो. घराचा पुढचा भाग जळला होता, तो बांधून घेतला आणि मग देव पुन्हा करवले. खंडोबा कसा दिसतो हे सोनाराला सांगावे लागत नाही, भवानीचेही तसेच. वीराचे मात्र घोडे तिथेच अडले. तो कसा दिसत होता याबद्दल घरात दोन मते होती, आणि ती जुळेपर्यंत म्हणून आईने सुपारी ठेवली. ती पंचवीस वर्षे राहिली. किडली की बदलायची, एवढेच. सुपारी घोड्यावर आहे की पायी हे कोणी विचारत नाही. टाक करायचा म्हटले की सोनार पहिल्यांदा तेच विचारतो.

आबा, म्हणजे माझे वडील, सांगत की वीर घोड्यावर होता. त्यांची थोरली बहीण लहान वयात विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का सांगे की वीर पायी होता. मी मोठा झालो, माझी मुले मोठी झाली, पण हा वाद काही म्हातारा झाला नाही.

"चिंच लावून टाक मी घासत होते की तू?" अक्का विचारायची.

"तू."

"मग घोडा मला ठाऊक असेल की तुला? माझ्या अंगठ्याला शिंग लागायचं."

"शिंग नव्हे ते, कान. घोडा कान टवकारून उभा होता."

"एवढे वाकडे कान? मग घोडा आजारी असेल बिचारा."

टाक आजोबांच्या आईच्या काळापासूनचा. पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून त्याची आकृती इतकी गुळगुळीत झाली होती की ज्याला जे हवे ते दिसावे. म्हणून दोघांपैकी कोणालाच खोटे म्हणता येत नव्हते.

आबांना घोडा का हवा होता हे मात्र मला समजत होते. त्यांनी उमेदीची सारी वर्षे बारगीर म्हणून घालवली. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो. बारगिराला घोडा सरकार देते, आणि चाकरी संपली की तो पागेत परत बांधून, लगाम खुंटीला अडकवून, पायी घरी यायचे. आबा उत्तम स्वार होते. त्यांच्या हाताखालून गेलेले घोडे मी पागेत पाहिले आहेत, कारण मी त्याच पागेत दाणा आणि वैरण यांची मोजदाद ठेवतो. पण त्यांतला एकही त्यांचा नव्हता. आपल्या घराण्यात एकदा तरी एक माणूस स्वतःच्या घोड्यावर बसला होता, या गोष्टीवर ते ताठ उभे असत. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ही गोष्ट ते पूर्वीपेक्षा जास्त सांगत.

माझ्या थोरल्या मुलाची सोयरीक माघात हडपसरकडच्या एका शिलेदार घराण्यात जमली. बोलणी आमच्याच घरी झाली. व्याही उंच, खड्या आवाजाचे, स्वतःची तीन घोडी बाळगून असलेले. कुळी, देवक सगळे विचारून झाले आणि मग त्यांनी विचारले, "आपला वीर कोणता?"

"घोडेस्वार," आबा म्हणाले. "स्वतःच्या घोड्यावरचा."

"वा! म्हणजे बरोबरीचं झालं. मग लग्नाआधी टाक मांडून घ्या. आमची मुलगी सुपारीच्या पाया पडायची नाही."

हे ते हसत म्हणाले, पण म्हणाले. लग्न वैशाखातले धरले होते.

दुसऱ्या दिवशी मी कसब्यातल्या सोनाराकडे गेलो. त्याने मान वर केली नाही.

"घोडेस्वार ना? ठसा तयार आहे. उद्या सकाळी घेऊन जा."

"इतक्या लवकर?"

"अहो, निम्म्या पुण्याचे पूर्वज ह्याच ठशातून निघालेत."

"आणि वीर पायी असला तर?"

आता त्याने वर पाहिले. "पायी कोणी मागत नाही."

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि उठलो. विचार करण्यासारखे होते. आकृती चुकली तर आपण परक्या माणसाला घरात घेऊन त्याच्यापुढे दिवा लावणार आणि आपला माणूस बाहेरच राहणार. शिवाय माझ्या हिशेबात घोडा बसत नव्हता. आमच्या मूळ गावी आमची जमीन एका नांगराची, हे आबाच सांगत. एका नांगराच्या जमिनीवर दोन बैल आणि घरची माणसे पोसून घोड्याचा रोजचा हरभरा कुठून काढायचा? मी रोज घोड्यांचे खाणे लिहितो. घोडा किती खातो हे गोष्ट सांगणाऱ्याला माहीत नसते, वैरण मोजणाऱ्याला असते. आबांना हे मी एकदा बोलून दाखवले. ते म्हणाले, "पूर्वी पाऊस चांगला पडायचा." तिथे तो विषय संपला.

फाल्गुन लागण्याआधी पागेच्या कामासाठी मला नाशिकला जावे लागले. तिथून मी त्र्यंबकला गेलो. तिथल्या उपाध्यांच्या घरी यजमानांच्या वह्या असतात; कोणत्या गावचा कोण यात्रेला आला, बरोबर कोण होते, कोणाच्या नावे पिंड दिले, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले असते. उपाध्यांनी आमच्या गावाचे नाव ऐकले, आत जाऊन तीन वह्या आणल्या आणि पहिली उघडताच सांगितले, "तुमच्या आजोबांनंतर कोणी आलेले दिसत नाही."

"चाकरीतून सवड झाली नाही."

"सवड मेल्यावर होते," ते म्हणाले आणि पाने उलटू लागले.

आजोबांच्या आजोबांपर्यंत आम्ही मागे गेलो. त्यांनी तिथे येऊन आपल्या थोरल्या भावाचे पिंड दिले होते. भावाविषयी मोडीत एवढेच: लग्न झालेले नाही, गावच्या वेशीवर पडला. ना घोडा, ना मोहीम, ना कोणत्या सरदाराचे पथक. म्हणजे आमचा वीर हा आमचा थेट पूर्वज नसून पूर्वजाचा थोरला भाऊ होता, ज्याला पाणी द्यायला मुलगा नव्हता. म्हणूनच धाकट्याच्या वंशाने त्याला देव्हाऱ्यात घेतले. मजकुराखाली निशाणी होती. ज्यांना लिहिता येत नाही ते सहीच्या जागी आपल्या कामाची खूण काढतात: शिपाईगडी कट्यार काढतो, शेतकरी नांगर. माझ्या पूर्वजाने नांगर काढला होता. रेघ जाड, जरा तिरकी, लेखणी धरण्याची सवय नसलेल्या हाताची. मी ती खूण बराच वेळ पाहत बसलो. आमच्या रक्ताच्या माणसाच्या हातची इतकी जुनी दुसरी कोणतीही वस्तू मी पाहिलेली नाही.

घरी येऊन मी सारे सांगितले. आबांनी शांतपणे ऐकले.

"भाऊ शेतकरी असेल. वीर घोडेस्वार. एका घरात दोन्ही असतात. तूच बघ, मी घोड्यावर होतो आणि तू वैरण मोजतोस."

अक्का आतून म्हणाली, "वैरणीशिवाय घोडा चालतो वाटतं!"

राहिला दगड. दरवर्षी धुळवडीला आमच्या घरचे कोणीतरी गावी जाऊन वीराला शेंदूर लावून, नारळ फोडून येते. गाव मांजरीच्या पुढे दोन कोसांवर, मुळा-मुठेच्या काठी. मी अनेकदा गेलो आहे. वेशीबाहेर वीरांचे दगड ओळीने उभे आहेत आणि त्यांतला सर्वांत उंच, घोडेस्वार कोरलेला, तो आमचा; आजोबांनी तोच दाखवला, आबांनी त्यालाच शेंदूर लावला, मीही. आबांचा सगळा आधार त्या दगडावर होता आणि खरे सांगायचे तर तो आधार काही कच्चा नव्हता. त्या वर्षी धुळवडीला मी आबांना घेऊनच जायचे ठरवले. अक्का म्हणाली, "मीही येते. घोड्याला हिरवं गवत नेते."

गाडीतून आम्ही तिघे सकाळी पोचलो. पाटील आबांच्याच वयाचे, वेशीच्या पारावर बसले होते. रामराम झाला. मी शेंदराची पुडी सोडली आणि उंच दगडाशी बसलो. पण या वेळी मी मोजणाऱ्याच्या डोळ्यांनी आलो होतो. उभे दगड चार होते. उंच दगडाच्या डावीकडे, आमच्या जुन्या शेताच्या बांधाला लागून, जमिनीतून वीतभर वर आलेले आणखी एका दगडाचे डोके होते. त्यावर चंद्र-सूर्य कोरलेले, झिजलेले, आणि त्यावर काहीतरी पांढरे वाळलेले. मुंग्या लागल्या होत्या. मी हे डोके याआधीही पाहिले होते, त्यावर ठेच खाल्ली होती, पण ते दगडांत धरले नव्हते.

"हा कोणाचा?" मी विचारले.

"ह्यो व्हय?" पाटील म्हणाले. "ह्यो गुरांचा वीर. गावात कुनाची बी गाय व्याली की पयली धार ह्याच्यावर. मग वासराला. परवाच आमची कपिली व्याली."

"पण घराणं कोणतं?"

पाटलांनी माझ्याकडे पाहिले, मग आबांकडे. "तुमचंच की."

मी म्हणालो, "आमचा तर हा उंच."

"उंच आमचा हाय. पाटलांचा. घोडा पाटलांकडंच व्हता."

बैलाने मान हलवली तेवढाच घंटेचा आवाज झाला.

"मग तीन पिढ्या आम्ही..." आबा म्हणाले.

"तीन पिढ्या तुमी आमच्या वीराला शेंदूर लावताय. तुमचे वडील आलं तवा माझ्या आजानं बघितलं. म्हनला, लावू द्या, पुन्याचा शेंदूर चांगला असतोय."

"आणि तुम्ही सांगितलं नाही!"

"तुमी इचारलं कवा? पुन्याची मंडळी तुमी. आमी काय शिकवावं?"

गावात बोलले गेले एवढ्यावर मी काही मान्य करत नाही, म्हणून कशावरून ते विचारले. पाटलांना त्याचा राग आला नाही. त्यांनी बांध दाखवला. विहिरीपासून वेशीपर्यंतचे ते शेत आमचे होते, हे आबांनीही कबूल केले. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेली शेताची खूण तीच होती. वीराचा दगड घरच्या बांधावर उभा करतात, दुसऱ्याच्या नाही. आजोबा पाच-सहा वर्षांचे असताना आईबरोबर पुण्याला आले. पुढे नदीला मोठा पूर आला आणि बांधावर गाळ बसत गेला, दगड कमरेइतका खाली गेला. आजोबा मोठे होऊन पहिल्यांदा परत आले तेव्हा त्यांना उभा दिसला तो घोडेस्वार. घरी गुळगुळीत झालेला टाक होता. त्यातही मग त्यांना घोडाच दिसला. हे सगळे मला तिथे उभ्या उभ्या जुळवता आले. त्र्यंबकच्या वहीतला नांगरही आता जागेवर बसला.

आबा म्हणाले, "उकरा."

पाटलांनी दोन गडी बोलावले. त्यांनी आधी दगडाच्या पाया पडून माफी मागितली, मग कुदळ घेतली. गाळ मऊ होता. कमरेइतका खड्डा झाल्यावर दगड पुरा मोकळा झाला. वरचा भाग ऊन-पावसाने झिजलेला, पण जमिनीखालचा असा ताजा होता की जणू पाथरवट आताच उठून गेला आहे. घागरीने पाणी ओतले. सर्वांत वर महादेवाची पिंड, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत खाली लढाई, तिचा एक कोपरा तेवढा फुटलेला.

आबांना मी हात धरून खड्ड्यात उतरवले. ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळवे दगडावर ठेवले. त्यांचे हात सगळे आयुष्य घोड्यांच्या अंगावरून फिरले होते. डावीकडे बोटे गेली आणि थांबली.

"घोडा आहे," ते म्हणाले. आवाज एकदम उंचावला. "हा घोडा आहे. हा आयाळीचा केस. आणि हा दुसरा."

"हो आबा. चार आहेत."

"मी सांगत होतो!"

त्यांनी घोड्यांची तोंडे चाचपली. घोड्यांना ज्या बाजूला जायचे होते ती बाजू बोटांनी धरून ते उजवीकडे सरकले.

"ह्यांची तोंडं कुणाकडे आहेत?"

"त्याच्याकडे."

"हा कोण?"

"हा आपला. एकटा आहे. डाव्या हातात ढाल, उजव्या हातात तलवार वर केलेली."

"पाय?"

"जमिनीवर आहेत, आबा."

त्यांचा हात आणखी उजवीकडे जाईना. तेव्हा अक्का काठी टाकून, लुगडे सावरत खड्ड्याच्या काठाशी बसली, खाली वाकली, धाकट्या भावाचा हात मनगटाशी धरला आणि वीराच्या मागे नेऊन ठेवला. तिथे तीन गाई होत्या, एकीमागे एक. आबांचे बोट शिंगावरून फिरले, मुळापासून टोकापर्यंत, आणि परत.

"हं," ते म्हणाले.

अक्काला आयुष्यभर बोलण्यासारखे खूप काही सापडले आहे. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो.

मला त्या खड्ड्यात उभे राहून जे वाटले ते सांगतो. घोडेस्वारावर माझा कधी विश्वास नव्हता. या माणसावर बसला. घोड्यांवरून माणसे आली आणि गावची गुरे हाकून नेऊ लागली. त्यात त्याची असतील तर एक-दोन असतील. एका नांगराच्या घरात किती असणार? बाकीची लोकांची होती. तो वेशीपाशी स्वारांच्या आणि गुरांच्या मध्ये उभा राहिला. गुरे वाचली असली पाहिजेत, कारण ज्या गावाची गुरे गेली ते गाव एवढा मोठा दगड घडवून घेत नाही. आणि आम्ही, त्याचे म्हणवणारे, तीन पिढ्या पाच हातांवरच्या दुसऱ्याच दगडाला नारळ फोडत असताना, ज्यांच्या गाई त्याने राखल्या त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी त्याला एकदाही उपाशी ठेवले नव्हते. असा मान पुण्यात कोणाच्या वाड्यावर नगारा वाजवून मिळत नाही. मी आजवर माझ्या घराण्याबद्दल फारसा बोलत नसे, कारण मोजून दाखवण्यासारखे काही हाती नव्हते. आता होते.

आबा वर आले, धोतराची माती झटकली आणि पाटलांना म्हणाले, "ह्याचा नारळ द्यायचा राहिला. एकच आणलाय."

"आमचा घ्या," पाटील म्हणाले आणि घरातून नारळ मागवला. मग हळूच विचारले, "आन्‌ आमच्या घोडेवाल्याचा? बंद करनार?"

"तीन पिढ्या दिलेला मान बंद करत नाहीत. पुढल्या वर्षीपासून दोन आणू."

दगड वर काढायचा का, हा प्रश्न निघाला. पाटील तयार होते. आबाच नको म्हणाले. दगड उंच उभा राहिला तर धार घालायला बायकांना हात पुरणार नाही. भोवती चार दगड रचून माती आत येणार नाही एवढे करायचे ठरले.

परतताना मांजरी ओलांडल्यावर आबा म्हणाले, "व्याह्यांना मी शब्द दिलाय."

त्यांची अडचण उघड होती. त्यांनी भरल्या बैठकीत बरोबरीचे घराणे म्हणून घोडा सांगितला होता. आता पायी टाक मांडला तर पाहुण्यांपुढे शब्द खोटा पडणार. घोडेस्वाराचा मांडला तर पाटलांचा पूर्वज आमच्या घरात बसणार आणि आमचा त्या खड्ड्यात राहणार. सोनाराचा ठसा तयारच होता. पाहुण्यांपैकी कोणीही मांजरीच्या पुढे जाऊन दगड उकरून बघणार नव्हते. माझ्या कुटुंबाने तर स्पष्ट विचारले, "अहो, लग्नानंतर बदलता नाही का येणार?" मी आबांना काही सुचवले नाही. शब्द त्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून हाक आली, "माझे जोडे कुठे आहेत? हडपसरला जायचंय."

व्याह्यांनी चांगले स्वागत केले. आबांनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि बसल्या बसल्या सांगून टाकले.

"मी चुकीचं सांगितलं होतं. आमचा वीर घोड्यावर नव्हता. पायी होता. काल दगडाला हात लावून आलोय. सोयरीक बरोबरीची म्हणून ठरली असेल, तर तुम्ही पुन्हा विचार करा. मला राग येणार नाही."

व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी मला विचारले, "दगडावर घोडाच नाही?"

"आहेत," मी म्हणालो. "चार. समोरच्यांचे."

"आणि हा?"

"एकटा. मागे गाई."

"म्हणजे चौघा स्वारांना पायी माणसानं वेशीवर धरलं." ते स्वतः स्वार होते. त्यांना त्या लढाईची दुसरी बाजू आमच्यापेक्षा चांगली दिसत असणार. "घोडं अंगावर येताना जागा सोडायची नाही, हे फार अवघड असतं हो. सांगून खरं वाटायचं नाही." मग एकदम मोठ्याने हसले. "ते चौघे आमच्यातले नसले म्हणजे मिळवली!"

आबा म्हणाले, "असले तरी आता काय करता? मुलगी दिलीत."

घरातल्या बायकासुद्धा हसल्या. मग गूळ आला, पान आले. निघताना व्याही आबांना धरून दारापर्यंत आले आणि म्हणाले, "टाक बघायला मी दोन दिवस आधीच येतो."

सोनाराने पुष्कळ कुरकुर केली. नवा ठसा कोरायचा, पुन्हा कोणी मागणार नाही, चांदीत चार घोडे मावणार नाहीत. मी म्हणालो घोडे नकोच आहेत. माणूस आणि मागे एक गाय, तिचे शिंग नीट उठले पाहिजे. त्याने केले. आकृती जराशी बुटकी झाली आहे, पण पाय जमिनीवर घट्ट आहेत.

लग्नात आबा मांडवाच्या तोंडाशी बसले होते. दिसत नसले तरी कोण आले ते आवाजावरून ओळखत आणि जो येईल त्याला हात धरून बसवून वीराची हकीकत सांगत. घोड्याची गोष्ट त्यांनी आयुष्यभर सांगितली, पण अशी कधी सांगितली नव्हती. दुपारी मी पानांचे तबक घेऊन जवळून जात होतो तेव्हा ऐकले, "सहा स्वार होते समोर."

"चार, आबा," मी म्हणालो.

"सकाळी पाच होते," पलीकडून अक्का म्हणाली.

"दगडाचा एक कोपरा फुटलाय," आबा पाहुण्यांकडे तोंड करून म्हणाले. "त्यात आणखी असणार. ह्याला दिसेल तेवढंच मोजायची सवय आहे."

पाहुणे माना डोलावत होते. कोपरा फुटला आहे हे खरे आहे. एका घोड्याची जागा तिथे होऊ शकते, दोन घोड्यांची नाही. आबांची गोष्ट मी पुन्हा अडवली नाही. ती आता पेठेत, हडपसरला आणि पागेतही फिरते आहे आणि स्वार वाढत आहेत. पुढच्यांनी खरा आकडा विचारला तर तो कुठेतरी असावा म्हणून लिहून ठेवतो. समोर चार होते. आमचा एक.